आधी गाव विचारा, मग दारू



छत्रपती संभाजीनगरातलं हर्सूल म्हटलं की बाहेरच्या माणसाला मध्यवर्ती कारागृह आठवतं, आणि आपल्या जुन्या शहरवासीयांना तलाव. मला आज तिसऱ्याच हर्सूलबद्दल बोलायचं आहे. जळगाव रस्त्याने फुलंब्रीकडून, सिल्लोडकडून, अजिंठ्याच्या डोंगरापलीकडून माणूस कामासाठी शहराकडे येतो, पिशवी खाली ठेवतो आणि भाड्याची खोली शोधतो. त्या माणसाचं हर्सूल. त्याची संध्याकाळ कशी जाते, त्या संध्याकाळी बाटली कुठून येते, आणि ती कमी व्हावी म्हणून त्याच्याशी कुणी, कसं बोलावं, एवढाच आजचा विषय आहे.

विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही कीर्तन करणार?" कीर्तनाबद्दल मला आदर आहे आणि गाडगेबाबांकडे मी येणारच आहे. पण दारू वाईट असते हे सांगण्यात मी तुमचा वेळ घालवणार नाही. ते पिणाऱ्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. सकाळी उठल्यावर तर फारच माहीत असतं.

मला तीन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, घर सोडून आलेल्या माणसाची दारू गावातल्या दारूपेक्षा वेगळी असते. दुसरी, नीट बोलण्याने ती कमी होते आणि याला पुरावा आहे. तिसरी, ते बोलणं त्या माणसाच्या गावाशी, नात्यांशी, सणवारांशी जुळलेलं असावं लागतं. शेवटी आपण काय करायचं, तेही सांगेन.

पहिली गोष्ट. स्थलांतरित म्हणजे कोण? आपल्याला तो दिसतो केव्हा? बहुधा अपघाताच्या दिवशी. 8 मे 2020 ची पहाट आठवा. टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांची छायाचित्रं देशभर छापून आली. आपल्याच जिल्ह्यात घडलं हे. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ही माणसं कुठे राहत होती, काय खात होती, रात्री काय करत होती, हे कुणी विचारलं होतं का?

आणि स्थलांतरित म्हणजे फक्त बिहार-उत्तर प्रदेशचा माणूस, असंही समजू नका. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत कामाला येणाऱ्यांत मराठवाड्याचा, विदर्भाचा, खानदेशचा माणूस भरपूर आहे. उलट दिशेनेही तेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या भरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उन्हाळा लागेपर्यंत पालात राहायचं, पहाटे थंडीत फडात उतरायचं. म्हणजे मराठवाडा परक्यांना घेतोही आणि आपली माणसं परकी व्हायला पाठवतोही. आपल्याकडे राहणाऱ्या परक्याचा विचार करताना हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आता त्याची खोली बघू. पत्र्याचं छप्पर. आत सहा जण. भिंतीला एक दोरी, तिच्यावर सहा जणांचे कपडे. कोपऱ्यात स्टोव्ह, बाजूला मोबाइल चार्ज करायला एकच सॉकेट आणि त्यासाठी नंबर लावलेले. दोघे रात्रपाळीचे, ते दिवसा झोपणार. खोलीत बसायला जागा नाही म्हणून संध्याकाळी माणूस बाहेर पडतो. जाणार कुठे? वाचनालय बंद झालेलं असतं. देवळात ओळखीचं कुणी नसतं. हॉटेलात चहा संपला की उठावं लागतं. "बस की अजून" असं त्याला म्हणणारी या शहरात एकच जागा आहे, आणि ती कुठली हे तुम्हाला ठाऊक आहे.

गावाकडे तो पीत नव्हता का? कधीमधी पीत होता. पोळ्याला, वरातीत, जत्रेला. पण तिथे चुलता होता, मामा होता, पारावर बसलेले म्हातारे होते. नुसतं खाकरले तरी पोरगं वाट बदलायचं. इथे ती नजर नाही. हे पहिलं कारण. दुसरं कारण अंग. दिवसभर स्लॅबवर घमेली उचललेल्या माणसाला रात्री कूस बदलता येत नाही. "शौक नाही सर, अंग मोडून येतंय" हे वाक्य व्यसनमुक्तीच्या कामातल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. तिसरं कारण अपमान. ठेकेदार नावाने हाक मारत नाही. "ए बिहारी" म्हणतो. आपला मराठवाड्याचा पोरगा पुण्यात गेला की त्याच्याही बोलीची नक्कल होते. चौथं कारण फोन. घरून विचारतात, "बरं आहे का?" आणि तो म्हणतो, "बरं आहे." त्या दोन शब्दांत जे सांगायचं राहून जातं, ते घेऊन तो दुकानाकडे जातो.

आणि किती पितो? तो म्हणेल, "जास्त नाही, एक क्वार्टर." एका क्वार्टरमध्ये 180 मिलिलिटर असतात. व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के छापलेलं असतं. हिशेब केला तर त्यात साठ ग्रॅमच्या वर शुद्ध अल्कोहोल निघतं. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत साठ ग्रॅम किंवा अधिक पिण्याला भारी पिणं म्हणते. म्हणजे ज्याला आपली पोरं "फक्त एक क्वार्टर" म्हणतात, तीच जगाच्या हिशेबात धोक्याची रेषा आहे. रोज ती रेषा ओलांडणारा माणूस स्वतःला पिणाऱ्यांत धरतच नाही. गटारात पडतो तो दारुडा, अशी आपली समजूत. पण जो पडत नाही, रोज कामावर जातो आणि रोज एक क्वार्टर घेतो, त्याच्याबद्दल मी आज बोलतो आहे. कारण त्याच्यासाठी अजून खूप काही करता येण्यासारखं आहे.

एक गोष्ट जाता जाता. आपलं शहर बिअरच्या कारखान्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. 2016 च्या दुष्काळात माणसाला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. दारूच्या उत्पादनावर इथे एवढी चर्चा होते, महसुलावर होते. दारू सोडू पाहणाऱ्या मजुराने जायचं कुठे, यावर होते का?

आता दुसरी गोष्ट. बोलण्याने काय होतं?

2019 साली दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. देशात सुमारे सोळा कोटी लोक दारू पितात, असा त्यांचा अंदाज. आणि जे दारूच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत, त्यांच्यापैकी अडतिसांत एकाला काही ना काही उपचार मिळालेला. अडतिसांत एक! उरलेल्या सदतीस जणांसाठी मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? ते तेवढे नाहीतच.

हाच प्रश्न शेजारच्या गोव्यात संगत या संस्थेने घेतला. डॉ. अभिजित नाडकर्णी, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत ताप-खोकल्यासाठी येणाऱ्या पुरुषांना दारूबद्दल दहा प्रश्न विचारले. हे दहा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेले आहेत. उत्तरांना गुण असतात आणि गुणांवरून धोका कळतो. ज्यांचं पिणं हानिकारक होतं पण जे पूर्ण आहारी गेलेले नव्हते, असे 377 पुरुष त्यांनी घेतले. निम्म्यांना नेहमीची आरोग्यसेवा दिली. निम्म्यांना तीच सेवा आणि शिवाय समुपदेशनाच्या जास्तीत जास्त चार बैठका. समुपदेशन कुणी केलं? डॉक्टरांनी केलं नाही. तिथल्याच समाजातल्या, मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या माणसांना शिकवून तयार केलं, त्यांनी केलं. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के लोक आदल्या पंधरवड्यात दारूला शिवलेले नव्हते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 18 टक्के होतं. हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि वर्षभरानंतरच्या पाहणीतही फरक टिकून होता.

पण सगळं सांगायचं तर हेही सांगितलं पाहिजे की बायकोला होणारी मारहाण या समुपदेशनाने कमी झाली, असं त्या अभ्यासात दिसलं नाही. म्हणून "दारू सुटली की घर सुखी" हे वाक्य जपून वापरा. मारणं हा वेगळा दोष आहे. त्याचा जाब वेगळा घ्यावा लागतो.

हे बोलणं कसलं? 1983 मध्ये विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट मांडली. पिणाऱ्याला जितकं दटावाल, तितका तो पिण्याची बाजू मांडतो. त्याउलट त्यालाच विचारत गेलात, तर न पिण्याची कारणं तोच आपल्या तोंडाने सांगू लागतो. आणि आपल्या तोंडची कारणं माणसाला पटतात. पुढे अमेरिकेतच क्रिस्टिना ली आणि सहकाऱ्यांनी लॅटिन अमेरिकेतून आलेल्या भारी पिणाऱ्यांसाठी याच पद्धतीत बदल केले. दारूच्या जोडीला परदेशातलं एकटेपण, घरच्यांपासूनची ताटातूट, वाट्याला येणारा दुजाभाव याबद्दल मोकळेपणाने विचारायला सुरुवात केली. ज्यांना दुजाभाव जास्त सोसावा लागला होता, त्यांना या बदललेल्या बोलण्याचा विशेष उपयोग झाल्याचं त्यांना आढळलं.

आता मला सांगा, प्रश्न विचारत विचारत माणसाच्या तोंडून त्याचंच उत्तर काढणं, हे महाराष्ट्राला नवीन आहे का? गाडगेबाबांचं कीर्तन दुसरं काय होतं? वऱ्हाडी बोलीत बाबा समोरच्या गर्दीला प्रश्न टाकायचे आणि गर्दीच उत्तर द्यायची. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा. पण हे सगळं लोकांच्याच तोंडून वदवून घेऊन. आणि हेच बाबा मुंबईत परगावहून आलेल्यांसाठी धर्मशाळा बांधत होते. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. उतरायला जागाही दिली. दारू आणि परकेपण यांचा संबंध त्यांना कुणी शिकवावा लागला नाही.

पुण्यात 1986 साली सुरू झालेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही याच वाटेवरचं. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचटांनी ते केंद्र उभं केलं. तिथे आलेल्याला रुग्णमित्र म्हणतात. पाटी बदलल्याने रोग जात नाही, मान्य. पण ज्याला वर्षानुवर्षं कुणी नीट हाक मारलेली नाही, त्याला मित्र म्हणून आत घेतलं की तो बसतो. आणि बसला तरच बोलतो.

आता तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बोलणं त्या माणसाला जुळवायचं म्हणजे काय करायचं? पत्रक हिंदीत छापलं, झालं काम? नाही. एक बैठक डोळ्यांपुढे आणा. समोर सिल्लोडकडचा, पस्तिशीतला गवंडी आहे. ॲसिडिटीसाठी आलेला.

"गाव कोणतं, दादा?"

"अजिंठ्याच्या वर हाये एक बारकं."

"घरी कोण कोण असतं?"

"माय, बायको, दोन पोरं. बाप माळकरी व्हता. गेला दोन वर्षं झाले."

"वडील असताना घेत होता?"

"छ्या! त्याच्यासमोर कुठं."

"आणि श्रावणात?"

"श्रावण पाळतो मी. महिनाभर शिवत नाही."

"महिनाभर जमतं? कसं काय जमतं?"

इथे तो थांबतो. कारण हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो. सगळ्यांनी विचारलेलं असतं, "का पितोस?" श्रावणात तो काय करतो? संध्याकाळी लवकर जेवतो. पिणाऱ्या सोबत्यांना आधीच सांगून ठेवतो आणि तेही आग्रह करत नाहीत. बायकोला रोज फोन लावतो. त्याला दारूशिवाय जगायची पद्धत येते. वर्षातून एक महिना तो ती वापरतो. समुपदेशकाने नवीन काही शिकवायचं नाही, भाद्रपदात काय बदलतं एवढं त्याच्याबरोबर बसून शोधायचं. आणि हो, आषाढी अमावास्येला तो काय करतो, तेही विचारायचं. श्रावणाआधीची गटारी हीसुद्धा आपलीच संस्कृती आहे, ती लपवून चालणार नाही.

प्रत्येकाचा श्रावण वेगळा असतो. मुस्लिम कामगाराला रमजान विचारा. दिवसाचा रोजा, संध्याकाळचा इफ्तार, रात्रीची तरावीह. महिनाभर त्याच्या दिवसाला आकार असतो. आंबेडकरी घरातून आलेल्या तरुणाला पंचशीलातलं पाचवं, नशा न करण्याचं शील ठाऊक असतं, आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, हेही. आजी दीक्षाभूमीवर गेली होती का, हे त्याला विचारा, मग बघा तो कसा बोलतो ते. बंजारा तांड्यावरून आलेल्याशी संत सेवालाल महाराजांवरून बोलणं सुरू होऊ शकतं. मोहाची दारू ज्याच्या पूजेत आहे, त्या आदिवासी पोराला "हे पाप आहे" म्हणालात तर तो उठून जाईल, आणि त्याचं बरोबर असेल. त्याला विचारायचं, देवाला वाहतात ती आणि ठेक्यावरची ही, यांत काय फरक?

इथे एक धोका आहे आणि तो सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. संस्कृती जुळवणं म्हणजे जात पाहून साचा लावणं नव्हे. बिहारचा आहे म्हणजे असाच, तांड्यावरचा आहे म्हणजे पीतच असणार, असं मनात धरून बसलात तर तुम्ही त्या ठेकेदाराचेच भाऊ. ज्या समाजांवर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या कपाळावर आपण दुसरा शिक्का मारायचा का? म्हणून आधी विचारा, मग बोला. माळकऱ्याचा मुलगा माळेचं नाव काढताच चिडत असेल, तर माळ बाजूला ठेवा.

दुसरा धोका शपथेचा. आपल्याकडे पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. शपथ मोडली की लाज, लाजेपोटी पुन्हा दारू, आणि आता पोराच्या डोळ्याला डोळा देणंही बंद. शपथ ज्याची त्याने आपणहून घ्यावी. पाय घसरला तर परत येऊन सांगता येईल, एवढी जागा आपल्याकडे मोकळी असावी.

तिसरा धोका जिवाचा आहे. ज्याला सकाळी उठल्याउठल्या लागते, नाही मिळाली तर हात थरथरतात, घाम फुटतो, भास होतात, त्याची दारू गप्पांनी एका दिवसात तोडू नका. त्याला झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्याला घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकार विभागात डॉक्टरांकडेच न्या. बोलण्याचं काम औषधांबरोबर आणि त्यानंतर.

आणि बायकांचं काय? महाराष्ट्रात बायकांनी मतदानाने बाटली आडवी केली. कितीतरी गावांत दुकानं बंद पाडली. मला त्या लढ्याचा अभिमान आहे. पण तो मतदानाचा हक्क कुणाला? तिथल्या मतदारयादीत नाव असलेल्या बाईला. जी भाड्याच्या खोलीत राहते, जिचं नाव अजून गावच्या यादीत आहे, जी दर दोन वर्षांनी वस्ती बदलते, तिला दुकान बंद करायला मत नाही. नवऱ्याच्या दारूचा सगळ्यात जास्त त्रास जिला, तिच्या हातात चिठ्ठीच नाही. म्हणून तिच्यासाठी वेगळी बैठक हवी, तिच्या वेळेला, तिच्या भाषेत. नवऱ्याला सुधारण्याचं ओझं तिच्या डोक्यावर टाकण्यासाठी नाही, तिचं स्वतःचं म्हणणं कुणीतरी ऐकावं म्हणून.

मग आपण हर्सूलमध्ये काय करायचं? सरकारची वाट न बघता होण्यासारख्या गोष्टी सांगतो.

आपल्या आरोग्य केंद्रात ताप, पोटदुखी, ॲसिडिटी, मार लागलेला असा पुरुष आला की ते दहा प्रश्न विचारले जावेत. पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी आशाताईंना आणि परिचारिकांना प्रशिक्षण द्या, आणि प्रशिक्षणाबरोबर मोबदलाही द्या. फुकटच्या कामाची यादी त्यांची आधीच लांब आहे.

समुपदेशक कामगारांमधूनच तयार करा. गोव्याने दाखवून दिलं आहे की त्याला मोठी पदवी लागत नाही. अहिराणी बोलणारा एक, गोरमाटी बोलणारा एक, भोजपुरी बोलणारा एक. चार बैठका कशा घ्यायच्या ते शिकवा, आणि महिन्यातून एकदा त्यांच्या कामाकडे बघायला जाणकार माणूस ठेवा.

बैठक सकाळी अकराला ठेवू नका. अकराला तो स्लॅबवर असतो. संध्याकाळी सातनंतर ठेवा, रविवारी ठेवा, पगाराच्या दिवशी नक्की ठेवा. त्या दिवशी खिसा आणि दुकान यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहायला हवं.

आणि बसायला जागा द्या. देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, बुद्धविहार, शाळेची ओसरी, तालीम, संध्याकाळी दोन तास उघडी ठेवा. भजन असो, कबड्डी असो, कॅरम असो. दुकानात "बस की अजून" म्हणतात, तसं म्हणणारी दुसरी एक जागा या वस्तीत असू दे.

कारखानदार आणि ठेकेदार मित्रांना एकच सांगणं. मदत मागणाऱ्याचं काम काढून घेऊ नका. आणि मजुरी वेळेवर, पूर्ण द्या. समुपदेशन मजुरीची जागा घेऊ शकत नाही. सहा माणसांच्या खोलीला ते खिडकीही पाडू शकत नाही. जो अपमान रोज आपण करतो, तो धुऊन काढायला आपणच आठवड्यातून एक समुपदेशक पाठवायचा, हा ढोंगीपणा मला मान्य नाही.

तुमच्या घराच्या वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत असा भाडेकरू असेल. भाडं घेताना त्याला त्याचं गाव विचारा, घरी कोण असतं ते विचारा. दारूचं नंतर विचारा. आणि तो मदत मागेल तेव्हा हे दोन क्रमांक जवळ असू द्या. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस 14416. दोन्हीकडे फोन करायला पैसे लागत नाहीत. आज घरी जाण्याआधी हे क्रमांक मोबाइलमध्ये जतन करा, आणि उद्या शेजारच्या खोलीतल्या माणसाला द्या.